सात नंबरच्या टाकीतलं पाणी

ऐक ना किर्ती. फक्त ऐक. मध्ये हसू नकोस, 'चल, काहीपण' म्हणू नकोस. दाल-पकवान खात राहा, पण ऐक. बाटली वर आली ना, ती भरलेली होती. काठोकाठ. आणि दोन मिनिटांपूर्वी मी स्वतः मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं होतं. खाली तडकलेलं सिमेंट, कबुतराची पिसं, कोणाची तरी एक चप्पल. बस. अकरा वर्षं बंद टाकी ती. मे महिना, दुपारचे बारा, ऊन असं की डोळे उघडत नव्हते, आणि बाटली गार. फ्रिजमधून काढल्यासारखी.

थांब, असं नाही कळणार. पहिल्यापासून सांगते.

आमचं ऑफिस तुला माहितीये. नाव नको घेऊया, मागच्या टेबलावर कोण बसलंय काय माहीत. तर मी पाणी खात्यात ऑपरेटर. कॉन्ट्रॅक्टवर, दर अकरा महिन्यांनी नवा कागद. तिथे एक धोंडिबा काका. बेलवलीला राहतात, तीस वर्षं नोकरी, रिटायरमेंटला चौदा महिने बाकी. बारीक, काळे, शर्ट कायम इस्त्रीचा. खांद्याला कापडी पिशवी. पिशवीत काचेची नळी आणि औषधाची इवलीशी बाटली. त्यांचं काम काय, तर गल्लोगल्ली जायचं, लोकांच्या नळाचं पाणी नळीत घ्यायचं, त्यात औषधाचे थेंब टाकायचे. पाणी पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, प्यायला चालेल. नाही झालं म्हणजे लफडं. ते कागदावर लिहून आणायचं आणि मी कॉम्प्युटरवर चढवायचं. एवढंच.

आता तुला आतली गोष्ट सांगते. पाणी तपासणारे बाकीचे तिघं कुठे जातच नाहीत. टपरीवर बसून लिहितात. सगळीकडे पॉइंट टू. किमान जेवढं क्लोरीन लागतं ना, तेवढा आकडा. मला पहिल्याच दिवशी विनिता मॅडमनी शिकवलं. त्या हेडक्लार्क, एकदम गोड बोलतात. "हे बघ चैत्राली बाळा, हा रकाना रिकामा सोडलास तर पान पुढे जात नाही. झिरो टाकलास तर लाल होतो आणि वर मोठ्या ऑफिसला मेसेज जातो. मग फोन, मग चौकशी, मग आपल्या सगळ्यांच्या सुट्ट्या कॅन्सल. पॉइंट टू टाकायचं. डोकं नाही लावायचं."

मी नाही लावलं डोकं. नवीन होते यार.

फक्त धोंडिबा काकांचे कागद वेगळे यायचे. कुठे पॉइंट थ्री, कुठे पॉइंट वन, कुठे 'नळ बंद, घरात कोणी नाही'. अक्षर असं की शाळेत फळ्यावर लावावं. आणि फेब्रुवारीत त्यांनी तबेला गल्लीचा कागद आणला. त्यावर लिहिलेलं, 'रंग येत नाही. वास येतो.' दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी कागदाच्या मागे चित्र काढून आणलं, गटार कुठून जातंय आणि पाइप कुठे फुटलाय त्याचं.

आता तो पाइप सात महिन्यांपूर्वी नवीन टाकलेला. नारळ फुटलेला, फोटो निघालेले. काम चोख झालं म्हणून सह्या कोणाच्या? श्यामकांत साहेबांची, ते आमचे इंजिनिअर. आणि दौलतरावची, तो सुपरवायझर. समजलं ना?

दौलतराव कागद घेऊन आला. हा माणूस म्हणजे पोट पुढे, कपाळावर गॉगल, हसला की सगळ्यांनी हसायचं. म्हणाला, "धोंडिबा, ही चार पानं बदलून दे. चहा पी आणि बदलून दे."

काका म्हणाले, "रंग आला न्हाय तर आला कसा लिहू?"

आवाज नाही चढवला, काही नाही. भाजीवाल्याने आज मेथी नाही म्हणून सांगावं ना, तसं.

"अरे, सगळे लिहितात."

"त्यांना दिसत असंल पिवळं. मला न्हाय दिसलं."

मार्चमध्ये त्या गल्लीतली एक मुलगी गेली. कावीळ. सात वर्षांची. काका तिला ओळखायचे. तपासणीला गेले की ती धावत यायची, नळी तिलाच धरायची असायची. थेंब टाकले की नाक नळीला लावून बघत बसायची आणि विचारायची, "काका, पिवळं झालं?" हे मला काकांनीच सांगितलं, एकदा, डबा खाताना. तेवढंच सांगितलं आणि डबा बंद केला. अर्धी भाकरी आत तशीच.

ती गेल्यावर आठ दिवसांत काकांच्या नावाने ऑर्डर निघाली. मीच टाइप केली, किर्ती. 'बंद जलकुंभ क्रमांक सात येथे दररोज दोन वेळा क्लोरीन तपासणी करून अहवाल सादर करावा.' मला वाटलं टायपिंग मिस्टेक आहे. मी साहेबांना विचारायला गेले, "सर, बंद टाकीत पाणीच नाही ना?" साहेब खाली बघत म्हणाले, "ऑर्डर आहे तशी टाइप कर." आणि बाहेर दौलतराव भिंतीला टेकून हसत होता.

म्हणजे बघ, काय डोकं चालवलं. सस्पेंड केलं असतं तर युनियन आली असती. हे काय, काम तर दिलंय. रेल्वे लाइनच्या पलीकडे टेकडीवर ती टाकी. सकाळी चढायचं, कोरड्या टाकीत बघायचं, खाली यायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. दुपारी परत. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस कडक उन्हात रोज दोनदा टेकडी चढतोय, कशासाठी? नसलेलं पाणी तपासायला.

आणि मग ऑफिसमध्ये खेळच सुरू झाला. काका दारातून आत आले की दौलतराव ओरडणार, "काय टाकीबाबा, भरली का टाकी?" आणि सगळे ह्या ह्या ह्या. रोज. दोनदा. तेच वाक्य, तेच हसणं. कोणाचं लग्न जमलं, "टाकीबाबाला बोलवा, पाण्याची सोय करेल." वॉटर कूलरपाशी त्यांचा ग्लास वेगळा ठेवला, त्यावर स्केचपेनने सात नंबर काढला. जोक म्हणून, म्हणाले. काका बुद्धवाड्यातले आहेत, सगळ्यांना माहीत आहे, आणि तरी म्हणाले जोक म्हणून. मी काही बोलले नाही. काकांनी ग्लास उचलला, धुतला, त्यातूनच प्यायले.

त्यांच्या वाढदिवसाला केक आणला. मला वाटलं, चला, शरम आली वाटतं. केक कापल्यावर दौलतरावने गिफ्ट दिलं. उघडलं तर लहान मुलांची पोहायची ट्यूब. बदकाची. फुगवून गळ्यात घातली त्यांच्या. फोटो काढला, ग्रुपवर टाकला. काकांनी काय केलं माहितीये? ट्यूब काढली, हवा सोडली, व्यवस्थित घडी घातली आणि म्हणाले, "नातवाला व्हईल." खरंच घेऊन गेले. त्या दिवशी नाही हसलं कोणी. एकदम कसंतरीच झालं सगळ्यांना, पण दुसऱ्या दिवशी सकाळी परत, "भरली का टाकी?"

आता माझा भाग. नीट ऐक हा.

काका रजिस्टरमध्ये रोज दोनदा लिहायचे, 'पाणी नाही.' ते रजिस्टर माझ्याकडे यायचं चढवायला. आता रकाना रिकामा सोडला तर पान पुढे जात नाही. 'पाणी नाही' असं लिहायची सोयच नाही त्यात, फक्त आकडा घेतो. झिरो टाकला तर लाल, मेसेज, फोन. आणि मला वाटलं, झिरो टाकला तर काकांनाच त्रास होईल अजून. आईशप्पथ, मला तेव्हा असंच वाटलं. मग मी पॉइंट टू टाकलं. हात आपोआप गेला. दुसऱ्या दिवशी पण. मग रोजच. दिवसातून दोनदा. टाकी सात, पॉइंट टू. टाकी सात, पॉइंट टू. काका कॉम्प्युटरकडे कधी फिरकायचे नाहीत, त्यांना काय कळणार.

आणि मग ते सुरू झालं.

एप्रिलच्या शेवटी असेल. काका दुपारी टेकडीवरून आले आणि फरशीवर ओल्या चपलांचे ठसे. दारापासून माझ्या टेबलापर्यंत. बाहेर चाळीस डिग्री. मला वाटलं, नळावर पाय धुतले असतील. मग बघितलं तर शर्टाची उजवी बाही कोपरापर्यंत ओली. मी म्हटलं, "काका, कुठे भिजलात?" त्यांनी बाहीकडे असं बघितलं जसं दुसऱ्या कोणाची बाही आहे. मग रजिस्टर माझ्यासमोर ठेवलं.

विनिता मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या, "ई, वास कसला येतोय? गटार तुंबलं का?"

दौलतराव म्हणाला, "टाकीबाबा पोहून आले!" सगळे हसले. पण किर्ती, वास होता. नाल्याचा. आणि ठसे वाळतच नव्हते. फॅन फुल चालू, पाच वाजता मी निघाले तरी ठसे ओले.

मग रजिस्टरची पानं. सादळलेली. फुगलेली. शाई थोडी पसरलेली. आणि दोन मेला सकाळच्या रकान्यात, त्याच त्या सुंदर अक्षरात, 'पाणी आहे. रंग येत नाही.'

मी तीनदा वाचलं. मग काय केलं सांगू? पॉइंट टू टाकलं.

रात्री झोप नाही. दोन-तीन दिवस गेले, रोज तेच, 'पाणी आहे. रंग येत नाही.' मग मी काकांना म्हटलं, "मी येते उद्या तुमच्याबरोबर." ते म्हणाले, "कशाला उन्हाचं, पोरी." मी म्हटलं, येणार. मॅडमना सांगितलं बँकेत जाते आणि गेले.

टेकडीवर एक झाड नाही. टाकी म्हणजे अशी उंच खांबावरची नाही हा, जमिनीतच बांधलेली, वर सपाट स्लॅब, स्लॅबला चौकोनी झाकण. खाली सगळं शहर दिसत होतं, पत्रे चमकत होते, आणि आवाज काहीच नाही. कुत्रं नाही, कावळा नाही. काकांनी झाकण सरकवलं. मी पालथी पडून टॉर्च मारला. सांगितलं ना तुला, कोरडी. कोपरे पण बघितले. कोरडी ठणठणीत. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, काकांना ऊन लागलंय, डॉक्टरकडे नेऊ.

काकांनी पिशवीतून बाटली काढली. गळ्याला दोरी बांधलेली. हळूहळू आत सोडली. दोरी खाली जातेय, जातेय. आणि डुब्ब.

मी ऐकलं ते. डुब्ब. मग बुडबुडे. मग काका ओढायला लागले आणि दोरी जड झालेली दिसत होती, त्यांच्या मनगटाच्या शिरा ताणलेल्या. बाटली वर आली. भरलेली. काठोकाठ. बाही कोपरापर्यंत ओली.

मी परत टॉर्च मारला. सिमेंट. पिसं. चप्पल.

मी म्हटलं, "द्या, मी सोडते." त्यांनी दुसरी बाटली दिली. मी सोडली. टक्. सिमेंटला लागली. हलवली, खडखड घासली. वर काढली तर आत धूळ. खात्री करायला दोरी बघितली, कोरडी.

"हे कुठून येतं, काका?"

"मला काय ठाऊक." नळीत पाणी घेत होते ते. थेंब टाकले, एक, दोन, तीन. नळी उन्हात धरली. पाणी पांढरंच राहिलं. "कुठून येतं ते ठाऊक न्हाय. पण वास वळखतो मी. तबेला गल्लीचं हाय."

आणि मग खालून आवाज आला. पहिल्यांदा हंडा आपटल्यासारखा. मग दुसरा. मग बायका बोलतात ना नळावर, शब्द कळत नाहीत पण भांडणाचा सूर, तसं. लांबून. मी स्वतःला सांगत होते, जुने पाइप असतील, खालच्या वस्तीतला आवाज वर येत असेल, सायन्स आहे हे. दहावीला सायन्सला ऐंशी होते मला.

आणि मग अगदी झाकणाखालून, इथून तू बसलीयेस ना तेवढ्यावरून, "काका, पिवळं झालं?"

बघ, काटा आला बघ आत्ता पण.

मी ओरडले नाही. ओरडायला आवाज लागतो. मी नुसती मागे सरकत गेले, हात सोलवटले स्लॅबवर. हा बघ डाग. काका गुडघ्यावर बसले, झाकणावर वाकले आणि अगदी साध्या आवाजात आत बोलले, "न्हाय गं बाळा. न्हाय झालं. लिहितो मी." मग रजिस्टर मांडीवर घेऊन लिहिलं. 'पाणी आहे. रंग येत नाही.' मग झाकण सरकवलं, हलकेच, आत कोणी झोपलेलं असावं तसं.

उतरताना मी विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"सुरवातीला वाटली." पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "हापिसात जास्त वाटते."

मी ऑफिसला आले. कॉम्प्युटर चालू केला. टाकी सात. रकाना. बराच वेळ बघत बसले. मग बोट गेलंच. पॉइंट टू. अगं, ज्या बोटाने दोरी धरली होती, त्याच बोटाने.

नाही, थांब, अजून संपलं नाही. पाणी घे.

तबेला गल्लीतली माणसं एकत्र आली. माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. फेब्रुवारीचे पाणी तपासणीचे सगळे कागद द्या म्हणून. आणि काकांची ती चार पानं, मागे गटाराचं चित्र असलेली, नोंद झालेली होती, नष्ट करता येत नव्हती. मग साहेबांना एकच रस्ता. कागद खोटा ठरवता येत नाही तर माणूस खोटा ठरवायचा.

शुक्रवारी अकरा वाजता मला केबिनमध्ये बोलावलं. "टाकी सातची सगळी प्रिंट घेऊन ये." मी काढली. चार पानं. खालपासून वरपर्यंत एकच आकडा.

केबिनमध्ये साहेब, दौलतराव, विनिता मॅडम लिहायला. काका उभे. कोणी बस म्हणालं नव्हतं.

साहेबांनी रजिस्टर उघडलं. "हे अक्षर तुझं?"

"होय."

"महिनाभर पाणी नाही. मग अचानक पाणी आहे. काल मी स्वतः माणूस पाठवला, टाकी कोरडी आहे. बरं, ते जाऊ दे, ऊन लागलं असेल. पण हे काय?" आणि माझ्या हातातली प्रिंट घेऊन टेबलावर आपटली. "कॉम्प्युटरवर पहिल्या दिवसापासून पॉइंट टू. कोरड्या टाकीत क्लोरीन! हा आकडा कुठून आला?"

काकांनी चष्मा लावला. कागद हातात घेतला. पहिलं पान बघितलं. दुसरं. घाई नाही. तिसरं पान. मग त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं.

त्यांना कळलं, किर्ती. तिथल्या तिथे. रागाने नाही बघितलं गं. राग असता तर बरं झालं असतं.

दौलतराव म्हणाला, "की ह्या पोरीने मनाने भरलं? काय गं? तू भरलंस?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. आणि मला काय काय दिसलं एका सेकंदात. माझा अकरा महिन्यांचा कागद, तो जूनमध्ये बदलणार. कुळगावचं घर, आईची शुगर, बाबांचं तर तुला माहीतच आहे. आणि त्याहून मोठं, मी जर म्हणाले की हो, टाकी सातचं मी भरलं, तर पुढचा प्रश्न, अजून कुठलं कुठलं भरलंस? आणि अजून म्हणजे सगळंच. शाळा, दवाखाना, बाकी तिघांचे सगळे वॉर्ड. सगळं माझ्या लॉगिनने. विनिता मॅडमचं पेन थांबलेलं, आणि त्या माझ्याकडे बघून इतकं गोड हसत होत्या.

तेवढ्यात काका म्हणाले, "मीच सांगितलं तिला."

दौलतरावने साहेबांकडे बघितलं.

"आकडा मी सांगितला. ती काय करणार. पोर हाय, सांगितलं तसं भरलं."

तीस वर्षं ज्या माणसाने एक खोटा आकडा लिहिला नाही ना, त्याचं ते पहिलं खोटं. माझ्यासाठी. आणि त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, एवढ्यावर मिटेल. टाकीचं काय, टाकी तर कोरडीच.

साहेब मागे टेकले. सावकाश. म्हणाले, "मॅडम, लिहून घ्या. कर्मचाऱ्याने बंद जलकुंभाचे खोटे आकडे दिल्याचं कबूल केलं आहे. सबब त्याचे यापूर्वीचे अहवालही, तबेला गल्लीच्या अहवालासह, विश्वासार्ह मानता येत नाहीत."

काकांचा चेहरा. कसं सांगू तुला. जिना उतरताना शेवटची पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि खाली काहीच नसावं, तसा. म्हणाले, "साहेब, ते न्हाय. ते खरं हाय. गल्लीचं पाणी वाईटच हाय, तिथं पोरं..."

"आत्ताच कबूल केलंस तू."

"ते ह्याचं. त्याचं न्हाय."

"म्हणजे कधी खरं लिहायचं, कधी खोटं, ते तू ठरवणार?" दौलतराव म्हणाला. हसला पण नाही. हसायची गरजच नव्हती.

आणि काकांनी परत माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. सांग असं नाही, सांगू नकोस असंही नाही. मी टेबलापासून दोन फुटांवर. एक वाक्य होतं. 'मी भरलं, त्यांना माहीत नव्हतं.' सहा शब्द पण नाहीत. ते म्हटलं असतं तर त्यांचा कागद खरा राहिला असता, गल्लीचा पाइप निघाला असता. पंखा फिरत होता. बाहेर कोणीतरी चहाचे पेले ठेवत होतं. मॅडमनी पान फिरवलं.

मी प्रिंटच्या पानांचे कोपरे जुळवत राहिले.

विनिता मॅडमनी कागद पुढे केला. काकांनी सगळा वाचला, ओळीखाली बोट धरून. मग म्हणाले, "माझं एक वाक्य खाली लिहून घ्या. गल्लीच्या लोकांना पाणी उकळून प्यायला सांगा." साहेब म्हणाले, "तो वेगळा विषय आहे." काकांनी थोडा वेळ पेन तसंच धरलं. मग सही केली, पूर्ण नाव, अक्षर तेच, फळ्यावर लावावं असं. पेनचं टोपण लावलं, पेन मॅडमच्या बाजूला सरळ ठेवलं. पिशवीतून काचेची नळी आणि औषध काढून टेबलावर ठेवलं, सरकारी वस्तू म्हणून. आणि गेले.

मी मागे धावले. जिन्यात गाठलं. मला सॉरी म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं, "काका, तुम्ही का असं बोललात?"

ते म्हणाले, "तू गप बसलीस, बरं केलंस. घर हाय तुझ्यामागं." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरले. टेकडी चढताना धाप लागायची नाही त्यांना. त्या दिवशी तेवढ्या जिन्यात दोनदा थांबले.

हे पंधरा दिवस झाले. काकांना सस्पेंड केलंय, पेन्शन पण अडकवलीये त्यांची. गल्लीतली अजून दोन मुलं ॲडमिट आहेत, त्यातला एक तर पाच वर्षांचा. बेलवलीला मी गेले होते त्यांच्या घरी, कोपऱ्यापर्यंत. दार उघडं होतं, आत माणसं दिसत होती. परत आले.

आणि माझा कागद बदलला काल. नवीन अकरा महिने. विनिता मॅडमनी पेढा दिला.

नाही, रडत नाहीये मी. तू सांग. असं नको बघूस, सांग ना. 'तुझी काय चूक' वगैरे नको, ते मी मलाच रोज सांगते. तू तिथे असतीस, त्या टेबलापासून दोन फुटांवर, आणि सगळे गप्प, आणि ते तुझ्याकडे बघतायत. घरी आई आहे, बाबा आहेत. खरं सांग किर्ती, तू काय केलं असतंस?